आठ रकाने, दहा टोकनं

आमच्या हॉलमध्ये, जिथं इतर घरांत मुलांचे पदवीचे फोटो लावलेले असतात, तिथं प्लायवूडचा एक मोठा फळा आहे. त्यावर आठ रकाने, रकान्यांत खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला टांगलेली पत्र्याची पट्टी. पट्टीवर एकेक इंग्रजी शब्द ठोकलेला. पाहुणे येतात, पाणी पितात, फळ्याकडे बघतात आणि विचारतात, काका, क्लास काढला का? मी नाही म्हणतो आणि द्राक्षांच्या भावाकडे वळतो. खरं कारण सांगायचं तर त्यात माझी फजिती येते. आता या वयात फजिती लपवून तरी काय करायचं आहे, म्हणून सांगून टाकतो.

मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात टूल स्टोअर सांभाळलं, नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत. आमच्या स्टोअरच्या भिंतींवर फळे होते आणि फळ्यांवर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू-ड्रायव्हरची काळ्या रंगात काढलेली आकृती. कामगाराकडे त्याच्या नंबरची पितळी टोकनं असायची. त्यानं पाना नेला की पान्याच्या जागी त्याचं टोकन टांगायचं. पाना परत आला की टोकन परत. सुटीचा भोंगा झाला आणि एखादी जागा रिकामी, तिथं टोकनही नाही, असं दिसलं की कुणी घरी जायचं नाही. तो पाना विमानाच्या पोटात राहिला असेल तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रिकाम्या जागी टोकन लटकत असलं की मी निश्चिंत असायचो. वस्तू कुणाकडे आहे हे कळत होतं आणि ती परत येणार हेही.

ही शिस्त माझ्याबरोबर घरी आली. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, खोड जन्माचीच होती, कारखान्यानं फक्त तिचा पगार दिला.

आमची सून सुरगाण्याच्या बाजूची, डोंगरातली. भात आणि नागलीची शेती, पावसाळा सरला की निम्मं गाव द्राक्षबागांत कामाला. ती आश्रमशाळेत शिकली, नाशिकला येऊन बी.ए. झाली आणि आमच्या मुलानं तिच्याशी लग्न ठरवलं. मला ते पटलं नव्हतं. कारण उघड आहे, जात. मी भांडलो नाही, आदळआपट केली नाही, फक्त ती घरात आल्यावर वर्षभर तिच्याशी थेट बोललो नाही. पाणी हवं असलं तरी बायकोला सांगायचो. हे लिहिताना आजही मला लाज वाटते. तिनं मात्र त्या वर्षात एकदाही माझा चहा कुणाच्या हाती पाठवला नाही, स्वतः आणून ठेवायची आणि "बाबा, चहा" म्हणायची. शेवटी एका सकाळी माझ्याच तोंडून "साखर कमी आहे गं" असं निघून गेलं, आणि ते प्रकरण तिथं मिटलं.

तिला तलाठी व्हायचं होतं. त्यालाही कारण होतं. तिचे वडील वनजमिनीच्या कागदासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालायचे. डोंगर उतरायचा, जीप धरायची, आणि तिथं पोचलं की दाराला कुलूप. ती लहानपणी त्यांच्याबरोबर जायची आणि त्या कुलपाकडे बघत पायरीवर बसायची. मला एकदा म्हणाली की तिला खुर्चीची हौस नाही, तिला ते दार उघडं ठेवायचं आहे.

दोनदा परीक्षा दिली होती. मराठी, गणित, सामान्य ज्ञान सगळं चांगलं, इंग्रजीनं दोन्ही वेळा खाली ओढलं. त्यातही शब्दांच्या जाती. शब्द समोर ठेवायचा आणि विचारायचं, हे नाम, विशेषण की आणखी काय. आता वयाची अट उलटायला काही महिने उरले होते. हा शेवटचा फॉर्म होता. मुलगा चाकणला नोकरीला, शनिवारी येणार, रविवारी जाणार. नात इंग्रजी शाळेत शिकून पुण्याला गेलेली. तिला फोनवर विचारलं तर म्हणायची, "मम्मी, ते ऐकलं की कळतंच ना." ज्याला कळतं त्याला शिकवता येत नाही, हे मी स्टोअरमध्येही पाहिलं होतं.

मला इंग्रजी बोलता येत नाही. पण आयुष्यभर इंग्रजी यादीवरून हत्यारं ओळखून दिली, त्यामुळे एक गोष्ट पक्की माहीत होती. नाव पाठ करून हत्यार कळत नाही. ते काय काम करतं ते बघावं लागतं. एक दिवस सुनेला स्वयंपाकघरात गाइड उघडं ठेवून पोळ्या लाटताना पाहिलं. ती पुटपुटत होती आणि पोळी करपत होती. मी गुपचूप उठलो आणि प्लायवूड आणायला गेलो.

फळ्याला आठवडा लागला. नाम निळं, क्रियापद लाल, विशेषण पिवळं, अशी आठ रकान्यांची आठ रंगांत रंगरंगोटी केली. जुन्या डब्यांचा पत्रा कापून पट्ट्या केल्या आणि अक्षरपंचानं एकेक शब्द ठोकला. रोजच्या वापरातलेच शब्द घेतले, बुक, रन, स्लो, क्विकली, अंडर, अँड. शेवटच्या रकान्यात उसाशांचे शब्द, 'ओह' आणि 'अलास' एवढे दोघेच होते. बायको त्या रकान्याला सासुरवाशिणींचा रकाना म्हणायची. काही शब्द दोन रकान्यांत कामाला जात, त्यांच्या दोन पट्ट्या केल्या. एकच पाना दोन विभागांत लागत असेल तर आम्ही दोन ठेवायचोच.

मग भांडी बाजारातून पितळेच्या दहा चकत्या आणल्या. त्यांच्यावर नंबर ठोकायला बसलो आणि अडलो, कारण हिला कोणता नंबर द्यायचा? घरात एकटीच कामगार. शेवटी माझाच जुना नंबर ठोकला, दोनशे चौदा. टोकनं तिच्या हातात दिली तेव्हा तिनं नंबर बघितला आणि विचारलं की हा कुणाचा. मी माझा म्हणालो. ती दहाही टोकनं पदरात घेऊन आत गेली.

तेव्हापासून आमचा कारखाना सुरू झाला. सकाळी ती दहा पट्ट्या काढायची आणि त्यांच्या जागी दहा टोकनं टांगायची. दिवसभर पट्ट्या तिच्याबरोबर फिरत. एखादी मिसळणाच्या डब्यावर, एखादी धुण्याच्या बादलीच्या कडेला. प्रत्येक शब्दाचं वाक्य ती माहेरच्या मालावर बनवायची. बैल झाडाखाली, बाई भात लावते, जीप हळू चढते. संध्याकाळी सहाला ती फळ्यासमोर उभी राहायची, शब्द वाचायची, त्याचं वाक्यातलं काम सांगायची आणि खिळ्याला अडकवायची. फळा भरला की चहा. भरला नाही तर चहा नाही. बायको भाजी निवडत हे सगळं ऐकायची आणि मधूनच म्हणायची, तुमच्या दुकानाला एकच गिऱ्हाईक आणि त्याचाही किती छळ.

सून झपाट्यानं शिकत गेली. एकच शब्द तिच्याशी वैर धरून होता, 'ऑलमोस्ट'. तो क्रियाविशेषणांत जायचा आणि ती हमखास विशेषणांत टांगायची. तिला विचारलं की हसायची. म्हणायची, बाबा, हा शब्द बघितला की माझं डोकं थांबतं, दोन वेळा असंच जवळजवळ झालं होतं ना माझं. मी चिडायचो. शिकवताना मला राग लवकर येतो, आणि समोरचा हसला की जास्तच येतो.

परीक्षेचा दिवस आला. केंद्र नाशिकरोडच्या पलीकडे, आम्ही म्हसरूळला, म्हणजे शहराची दोन टोकं. गेट साडेआठला बंद होणार. मुलाला रजा मिळत नव्हती, पण सात वाजता घराजवळून बस होती आणि सुनेच्या हातात भरपूर वेळ होता. बायको पहाटेच कॉलनीतल्या बायकांबरोबर जीपनं वणीच्या गडावर गेली होती. सुनेच्या नावानं देवीला साकडं घालायला. मोबाइल चार्जिंगला लावून तसाच विसरून गेली होती, हे नंतर कळलं.

पावणेसातला सून तयार होऊन आली. पाया पडली. मी आशीर्वाद दिला, आणि सवयीनं फळ्याकडे नजर गेली. क्रियाविशेषणांच्या रांगेत एक खिळा रिकामा. टोकनही नाही.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः फळा भरलेला पाहिला होता. मी विचारलं, 'ऑलमोस्ट' कुठं आहे? तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, सकाळी उजळणीला नेला असेल आणि टोकन लावायची विसरली असेल, आणि आता कबूल करायला बिचकते आहे. मी तसं बोललोही. तिनं परीक्षेची पिशवी पलंगावर उलटी केली. हॉल तिकीट, आधार कार्ड, दोन फोटो, पेन, पाण्याची बाटली. पट्टी नव्हती.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी नाही थांबलो. माझ्या डोक्यात भोंगा वाजत होता आणि जागा रिकामी होती. मी पलंगाखाली वाकलो, गाद्या उचलल्या, स्वयंपाकघरातले डबे हलवले. सून म्हणाली, बाबा, राहू द्या, मला पाठ आहे तो. मी म्हणालो, "पाठ असण्याचा प्रश्न नाही. फळा अपुरा ठेवून या घरातून कुणी कामावर जात नाही." आणि ती पोर, जिनं माझा वर्षभराचा अबोला काढला होता, ती नवी साडी खोचून माझ्याबरोबर शोधायला लागली. कपाटामागं, चपलांच्या मांडणीत, तुळशीच्या कुंडीत. बायकोला फोन लावला तर तो आतल्या खोलीतच वाजला.

घड्याळात साडेसात झाले. बस केव्हाच गेली होती. तेव्हा ती उभी राहिली, पिशवी पुन्हा भरली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या कारखान्यात विमान थांबायचं. परीक्षा थांबत नाय."

एरवी तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. माहेरचं 'नाय' तिच्या तोंडी भीती वाटली की येतं. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यातला भोंगा बंद झाला. मी काय करून बसलो होतो ते एकदम दिसलं. तिची शेवटची परीक्षा, आणि मी तिला पत्र्याच्या तुकड्यासाठी चपलांच्या मांडणीत हात घालायला लावला होता.

स्कूटर काढली. गेली काही वर्षं मी ती दूध आणण्यापलीकडे चालवलेली नव्हती. दिंडोरी नाका, पंचवटी, आणि द्वारका चौकात नेहमीची कोंडी. एक ट्रक आडवा, त्याच्यामागे शाळांच्या व्हॅन. मी आयुष्यात पहिल्यांदा फुटपाथवरून स्कूटर घातली. कुणीतरी आजोबा, काय हे, असं ओरडलं. मागून सुनेचा हात माझ्या खांद्यावर होता. पूर्ण रस्ताभर मी मनात एवढंच म्हणत होतो की ही आत जाऊ दे, पुन्हा कुठल्याही फळ्याचं नाव घेणार नाही.

केंद्रावर पोचलो तेव्हा पहारेकरी गेटचं एक दार लावून दुसऱ्याला हात घालत होता. ती स्कूटर थांबायच्या आत उतरली आणि धावली. त्यानं हॉल तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं, आणि तिला आत घेतलं. तिच्यामागे गेट बंद झालं.

मी समोरच्या चहाच्या टपरीजवळ बसलो. तिथं बरेच नवरे, बाप, कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या सासवा बसल्या होत्या. शेजारच्या माणसानं विचारलं, मुलगी का? मी हो म्हणालो. सून म्हणावंसं वाटलं नाही. दोन तास मी तिथून हललो नाही आणि चहाही घेतला नाही. फळा भरला नव्हता ना.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता. मी माफी मागायची ठरवून बसलो होतो, वाक्यसुद्धा जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं, "ऑलमोस्ट आला होता का गं?"

"नाय आला," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला स्कूटरला धरून उभं राहावं लागलं. मग मीही हसलो. माफी मी परतीच्या वाटेवर मागितली, पंचवटीत सिग्नलला, पुढे बघून. तिनं ऐकली की नाही ते माहीत नाही, पण खांद्यावर एकदा थोपटल्यासारखं वाटलं.

दुपारी बायको गडावरून आली. प्रसाद दिला, गुडघे कुरकुरतात म्हणाली, आणि बटव्यातून पत्र्याची पट्टी काढून माझ्यासमोर धरली. 'ऑलमोस्ट'. शेंदरानं माखलेला.

झालं असं होतं की, परीक्षेला बसणारी मुलं देवापुढे पेन ठेवतात, हॉल तिकीट ठेवतात. बायकोनं विचार केला, हॉल तिकीट तर सुनेला लागणार. मग जो शब्द पोरीला सतत छळतो तोच देवीच्या पायांशी नेऊन ठेवावा. पहाटे अंधारात फळा चाचपून तिनं बरोबर तोच खिळा शोधला होता. एवढे महिने भाजी निवडता निवडता तिला सगळे रकाने पाठ झाले होते. पुजाऱ्याला तिनं सांगितलं म्हणे, हे क्रियाविशेषण आहे, जरा पायाला लावून द्या.

सकाळची सगळी कथा ऐकल्यावर ती पांढरी पडली आणि सुनेला जवळ घेऊन बसली. मला मात्र शांत व्हायला कुणीतरी दोषी हवं होतं, म्हणून मी बायकोवर डाफरलो. म्हणालो, न्यायचा होता तर ने, पण जागेवर टोकन का नाही लावलंस?

ती म्हणाली, "मला कुठं दिलंत तुम्ही टोकन?"

दुसऱ्याच दिवशी भांडी बाजारात गेलो आणि आणखी दहा चकत्या आणल्या. नंबर तिनं स्वतः निवडला. एक.

निकाल पुढे बऱ्याच दिवसांनी लागला. सुनेचं नाव यादीत होतं. नेमणूक झाली ती सुरगाणा तालुक्यातच, माहेरापासून दोन डोंगर अलीकडे. खोली तिथंच घ्यावी लागणार, सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. मुलाला आनंद झाला, नातीनं फोनवरून आरडाओरडा केला, बायकोनं गडावर पेढे नेले. मलाही आनंद झाला. पण सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहाला फळ्यासमोर कुणी उभं राहणार नाही, हेही मनात आलं आणि ते मला आवडलं नाही.

पहिल्या सोमवारी ती उजाडताच निघाली. रस्त्यावर सुरगाण्याची जीप उभी होती. तिनं आम्हा दोघांच्या पाया पडून पिशव्या उचलल्या आणि पुढच्या सीटवर बसली. जीप वळणाआड गेल्यावर आम्ही घरात आलो. बायको चहा ठेवायला आत गेली. मी दार लावायला वळलो, आणि दाराशेजारच्या खुंट्यांकडे लक्ष गेलं. तिथं घराच्या चार किल्ल्या असतात, मुलाची, तिची आणि आमच्या दोन. तिच्या खुंटीवर किल्ली नव्हती. तिथं पितळी टोकन लटकत होतं, दोनशे चौदा.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मी तिथंच उभा होतो. तिनं खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा हातात दिला. साखर कमी होती. मी तसाच प्यायलो.

आता रोज संध्याकाळी सहाला मी फळा मोजतो. बायको आपले दहा शब्द परत करते, कामं सांगते, आणि 'ऑलमोस्ट' बरोबर जागी टांगते. त्याचा शेंदूर मी पुसलेला नाही. मग मी दाराजवळ जाऊन खुंट्या बघतो. एक किल्ली कमी असते, तिच्या जागी माझा नंबर असतो. मी जेवायला बसतो.